पायलीभर फोक-पंक

"मराठी संगीताचा आजवरचा सगळा प्रवास म्हणजे माझ्या 'एकटा' या अल्बमची पूर्वतयारी होती," असं महेश पिसाट यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं. त्यावर समोरच्या दोन पत्रकारांपैकी एकानं मिसळीबरोबर अजून एक पाव मिळेल का, असं विचारलं. दुसरा पत्रकार नव्हताच. तो हॉटेलचा मालक होता आणि टेबल कधी मोकळं होतंय ते बघायला येऊन बसला होता.

मागच्या टेबलावर मनोज रस्सा ओढत होता. त्याचा स्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा. सत्यनारायणापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सगळ्यांचे आवाज त्यानं मोठे करून दिले होते आणि त्यातला एकही आवाज मोठा करण्याच्या लायकीचा नव्हता, असं त्याचं मत होतं. रविवारी 'एकटा'चा पहिला जाहीर प्रयोग व्हायचा होता. त्याचं साउंड मनोजकडेच होतं.

कॉलेजात असताना या दोघांनी 'खटारा' नावाचा बँड काढला होता. महेश गिटार वाजवायचा आणि ओरडायचा, मनोज हलगी वाजवायचा. गावाकडच्या चाली घ्यायच्या, तिप्पट वेगानं वाजवायच्या आणि वर व्यवस्थेला शिव्या घालायच्या. याला फोक-पंक म्हणतात, हे त्यांना पुढं पुण्याच्या एका माणसानं सांगितलं. तोवर ते याला गॅदरिंग म्हणत. त्यांचं एकच गाणं लोकांच्या तोंडी बसलं, 'डांबर'. वाळायच्या आत उखडल्या जाणाऱ्या रस्त्यावरचं. शब्द महेशचे होते, पण लोक नाचायचे ते हलगीवर. एवढं महेशला कधी दिसलं नाही, कारण तो डोळे मिटून गायचा.

पुढं बँड मोडला. मनोजनं स्पीकर घेतले आणि महेशनं दाढी वाढवली. आता त्या दाढीची बारीक वेणी झाली होती. इंदिरानगरातल्या बंगल्यात बायकोशी, निकिताशी, तो 'आहे' आणि 'खूप'मध्ये बोलायचा. माइक हातात आला की त्याचं 'हाय' आणि 'लय' व्हायचं. माइकचं बटण दाबलं की त्याचा तालुका बदलतो, असं मनोज म्हणायचा. आणि 'एकटा' नाव असलेल्या अल्बमवर वाजवणारी माणसं किती, तर अकरा.

"एकटा म्हणजे आतून एकटा," महेशनं समजावलं होतं.

"आणि बाहेरून मिनी बस," मनोज म्हणाला होता.

तरीही परिषद संपल्यावर महेशनं त्याला बाजूला घेतलं. "मन्या, शेवटी 'डांबर' घेऊ. तुला मी वर बोलावीन. कुणाला बोलू नकोस. उत्स्फूर्त वाटलं पाहिजे."

"बघू," मनोज म्हणाला. "मला काय तेवढंच काम आहे?"

आणि मग आठवडाभर तो गोदामाचं शटर आतून ओढून हलगी वाजवत बसला. हलगीवर नवं पान, म्हणजे कातडं, चढवून आणलं. बोटांना फोड आले. बायकोनं विचारलं तर केबल गुंडाळताना आले म्हणाला. महेशला इतकी वर्षं नावं ठेवण्यात त्यानं हयगय केली नव्हती, पण ते एक गाणं मात्र त्याला वाजवायचं होतं. एकदाच, लोकांसमोर.

प्रयोग रविवारी सकाळी होता. व्यवस्था उलथवायची तर ती संध्याकाळी उलथवणं बरं दिसतं, पण संध्याकाळी हॉल मिळाला नाही. त्यात दुपारी एकला तिथंच कुणाचा तरी साखरपुडा होता, त्यामुळं बंड त्याआधी आवरून खुर्च्या मोकळ्या करून द्यायच्या होत्या.

सुरुवातीला दीपप्रज्वलन झालं. मग सत्कार झाले. बंडखोराला तीन शाली आणि एक नारळ मिळाला. तिन्ही शाली त्यानं एकावर एक पांघरल्या आणि "शालीत गुंडाळलेली कला मरते" हे गाणं म्हटलं. एका माजी नगरसेवकानं आपणही कॉलेजात कसे बंडखोर होतो ते सविस्तर सांगितलं. मनोज मिक्सरमागं बसून मनाशी मिनिटं वजा करत होता. हलगी टेबलाखाली होती.

मग 'एकटा'चे सहकलाकार एकेक करून येऊ लागले. येवल्याच्या बँडपथकातला मुझफ्फर क्लॅरिनेट घेऊन आला आणि त्यानं हॉल जागेवर बसवला. महेशला ते फार सुरेल वाटलं.

"मुझफ्फरभाई, जरा बेसूर येऊ द्या की. पंक हाय हे."

"सर, ते खातं तुमच्याकडं आहे," मुझफ्फर अदबीनं म्हणाला. "मी कशाला मध्ये पडू?"

लोक हसले. महेशही हसला. मोठ्या मनाच्या माणसाचा फोटो येतो तसा हसला.

शेवटून दुसऱ्या होत्या गोजराबाई, चांदवडच्या. घरी विजेची चक्की, मुलगा कांद्याचा व्यापारी. पण लग्नघरात जातं पुजून हळद दळतात तेव्हा ओव्या म्हणायला चार गावं त्यांनाच बोलावतात. महेशनं त्यांना एका लग्नात ऐकलं होतं. जेवायला बसलेला असताना.

"ही माती हाय," महेश माइकवर म्हणाला. "ही माय हाय."

"मी व्याह्यांकडं उतरलीय," गोजराबाई म्हणाल्या, "गंगापूर रोडला," आणि स्टेजवर मांडलेल्या जात्याशी बसल्या.

लग्नात चार हळकुंडं टाकतात, दोन ओव्या होतात आणि बाया उठतात. महेशला मात्र सूप भरगच्च दिसायला हवं होतं, फोटोसाठी. त्यानं पायलीभर गहू ओतून ठेवले होते. दोन ओव्या झाल्या की त्याची गिटार सुरू होणार आणि बाई थांबणार, असं ठरलं होतं. म्हणजे त्याच्या मनाशी ठरलं होतं.

दोन ओव्या झाल्या. गिटार सुरू झाली. गोजराबाईंनी जात्यात दुसरा घास टाकला.

आधी त्यांनी आपल्या भावांची नावं ओवीत गुंफली, मग भाच्यांची. ते संपल्यावर समोर दिसेल तो भाऊ झाला.

"दळण दळिते, सुपामधी गहू राहिले,
पिपाणीवाल्या भावानं बहिणीकडं पाहिले."

मुझफ्फरनं मान लववली आणि त्यांच्या सुरात सूर मिसळला. महेशनं गिटार जोरात छेडली. मग घड्याळ पाहिलं. तेही बाईंनी सोडलं नाही.

"गिटारवाला भाऊ, सारखं बघतो मनगट,
दळण सरल्याबिगर, बाई, सोडीना मी खुंट."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. महेश गुडघ्यांवर बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, थांबूया ना आता?"

"अर्धं दळण टाकून उठायची आमच्यात रीत नाय, बाबा. एवढं भरलं कुणी?"

"मी."

"मग."

"मावशी, प्लीज. आपल्याला वेळेचं बंधन आहे."

'आहे' म्हणाला, हे मनोजनं मिक्सरमागून नोंदवलं. इतका घाबरलेला त्यानं महेशला आजवर फक्त सासऱ्यांसमोर पाहिलं होतं.

मग महेशनं त्याच्याकडं पाहून गळ्यावरून बोट फिरवलं. बाईंचा माइक बंद कर.

मनोजला गंमत वाटायला हवी होती. या माणसाचा असा कचरा व्हावा म्हणून तो वर्षानुवर्षं टपून बसला होता. पण टेबलाखाली हलगी होती आणि आत्ता दळण थांबलं तर 'डांबर'पुरता वेळ अजून होता. सुपात किती राहिलंय ते तो उभा राहून बघू लागला. निम्म्याहून जास्त होतं. त्यानं महेशला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी दिली आणि त्याच्याच इशाऱ्यावर मिक्सरवरची बाईंच्या माइकची पट्टी खाली ओढली. आपण महेशपेक्षा बरे आहोत, हा त्याचा जुना समज होता. पट्टीबरोबर तोही खाली गेला.

काहीच झालं नाही. गोजराबाई माइकसाठी गातच नव्हत्या, त्यामुळं तो गेल्याचं त्यांना कळलं नाही. जात्याची घरघर लाकडी स्टेजमधून खाली उतरून खुर्च्यांपर्यंत आली. लोक पुढं झुकून ऐकू लागले. मागच्या रांगेत मोबाइलवर बोलणारा एक गृहस्थही गप्प झाला. स्पीकरमधून आता एकट्या महेशची गिटार येत होती आणि लोक त्याच्याकडं, सभेत खोकणाऱ्याकडं बघतात तसं बघायला लागले. तो थांबला. तीन शाली सावरत स्टेजच्या कडेला बसून राहिला.

मनोजनं पट्टी परत वर केली नाही. गरजच नव्हती, आणि लाजही वाटत होती.

सूप रिकामं झालं तेव्हा दारात साखरपुड्याची माणसं झेंडूच्या माळा घेऊन उभी होती. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. महेशनं उभं राहून त्या सगळ्या स्वीकारल्या, काही डोळे मिटून. मग प्रेक्षक मिसळ खायला पळाले आणि नवऱ्या मुलाच्या मामानं पहिली खुर्ची उचलली.

मनोज हलगी घेऊन विंगेत येऊन उभा राहिला होता. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. स्टेजवर वधूवरांच्या नावाचा थर्माकोल चढत होता. त्या धांदलीतून महेश सरळ त्याच्याकडं आला. त्याचे डोळे पाणावले होते. मनोजनं मनात उत्तर जुळवून ठेवलं. सॉरी म्हणाला तर 'राहू दे रे' म्हणायचं. पुढच्या प्रयोगाचं बोलला तर 'बघू' म्हणायचं. आणि आत्ता, या झेंडूवाल्यांसमोर वाजवू म्हणाला, तर काहीच म्हणायचं नाही, सरळ वाजवायचं.

महेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हलगीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मन्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आज इतिहास घडला ना रे?"

"घडला."

"तुला एक विचारायचं होतं."

"विचार की."

"मावशी अर्धं पीठ मला देतायत. जात्यावरचं म्हटल्यावर निकिता खूश होईल. तुझ्या गाडीत एखादी पिशवी असेल का? शक्यतो कापडी."