खाऱ्या पाण्याचा शेक

आशाची पोर स्वप्नाली लग्न होऊन सासरी गेली ते साल दोन हजार पाच. नवघर गावातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात तारखा राहत नाहीत, पण कुणाच्या लग्नात काय झालं ते पक्कं राहतं. म्हणून हंसाला कुणी विचारलं, तुझा म्हातारा कधी आजारी पडला, तर ती सांगते, स्वप्नालीचा मांडव पडायच्या पंधरा दिवस आधी.

लग्नाच्या आदल्या डिसेंबरात थंडी जरा जास्तच पडली होती. खाडीवरून वारा सुटायचा तो थेट हाडात शिरायचा. पूर्वी ऊन सात वाजता अंगणात यायचं. आता घराच्या तिन्ही बाजूंनी सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या, त्यामुळे ऊन अकराला यायचं आणि एक वाजता निघून जायचं. तेवढे दोन तास म्हातारा महिपत आणि हंसा आपापले पाट उचलून उन्हाच्या मागे मागे सरकायची. ऊन भिंतीवर चढलं की दोघं घरात जायची.

महिपतने चाळीस वर्षं मिठागरात काढली होती. हंसाने तितकीच वर्षं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. आता ते मिठागर बंद पडलं होतं, महिपतला बहात्तर लागलं होतं आणि पाच वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात साखर निघाली होती.

"मना साखर कशी झाली?" तो भेटेल त्याला विचारायचा. "मी तर जलमभर मीठच केलं."

गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक होती. सकाळची हंसा हातावर ठेवायची. संध्याकाळची तो आठवली तर घ्यायचा.

थंडी पडली की त्याच्या टाचांना भेगा पडायच्या आणि पाय घोट्यापासून खाली गार व्हायचे. हे काही नवीन नव्हतं. मिठागरात प्रत्येकाचे पाय हिवाळ्यात फुटायचे. त्यावर सगळ्यांचा एकच इलाज होता. पत्र्याच्या डब्यात खारं पाणी तापवायचं, सोसवेल तितकं गरम ठेवायचं आणि पाय त्यात सोडून बसायचं. साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्याची ऊब जास्त वेळ टिकते, असं त्यांच्यातली जुनी माणसं म्हणायची. डॉक्टरचं तोंड न बघता पिढ्यान् पिढ्या पाय त्यावरच सांभाळले गेले होते.

म्हणून त्या सोमवारी संध्याकाळी हंसाने चुलीवर हंडा चढवला, दोन ओंजळी खडेमीठ टाकलं आणि पाणी घमेल्यात ओतून त्याच्या पायाशी ठेवलं.

"अजून गरम घाल," महिपत म्हणाला.

"आवो, वाफ निघतेय."

"वाफ निघू दे. माझ्या पायाला काय लागत न्हाय. गारच हाय."

हंसाने हात बुडवून बघितला. कोमटच वाटलं. तिने अजून दोन तांबे ओतले, परत हात घातला. ठीक वाटलं. तो डोळे मिटून अर्धा तास बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन गेल्यावर त्याने परत घमेलं मागितलं.

तेव्हाच आशा आली. आशा म्हणजे त्यांची एकुलती लेक. नवऱ्याबरोबर हाटकेशला इमारतीत राहायची. पोरीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं आणि ती आईला विचारायला आली होती की मांडवाला किती माणसं धरायची. इमारतीला अंगण नाही म्हणून मांडव नवघरला, आजोळच्या दारात पडणार होता. ती आली तीच बोलत आली, पिशवी टाकली, बापाच्या पायाशी बसली आणि सहज घमेल्यात बोटं घातली.

"अगं आई गं!" तिने हात झटकला. बोटं लाल झाली होती. "आये, हे पाणी हाय का उकळी? काढा, बाबा, पाय काढा!"

महिपतने पाय काढले. डावा नुसता लाल झाला होता. उजव्या पायाच्या करंगळीपासून चवड्यापर्यंत कातडी पांढरी होऊन फुगली होती, भिजलेल्या पापडासारखी.

हंसा आपल्या हाताकडे बघत राहिली. चुलीवरची पातेली ती सांडशीशिवाय उतरवायची आणि त्याचा तिला अभिमान होता. आशा लहान असताना शेजारणी हसायच्या, हंसाचे हात न्हाय, उलथने हायेत. त्या हातांवर तिने पाणी पारखलं होतं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"कुठं काय. मुंगीही चावली न्हाय."

"चला," आशा म्हणाली. "केबिन रोडला डॉक्टर बसतात पाच वाजता. आत्ताच्या आत्ता चला."

"आन तो म्हनला ॲडमिट व्हा, मग?" महिपत म्हणाला. "मुलाकडच्यांना काय सांगशील? म्हातारा हास्पिटलात, लग्न पुढं ढकला? अकरा तारखेला पौष लागतो. पौषात लग्न न्हाय. आन तो पोरगा पंचवीसला चालला मस्कतला, दोन वरसांनी येणार. तवर बसव पोरीला घरात."

आशा काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. हंसाने ते थांबणं बघितलं. लेक काय मोजतेय ते तिला कळलं, कारण तीही तेच मोजत होती.

"पाच तारखेला लग्न," महिपत म्हणाला. "सहाला मना कुठं न्यायचं तिकडं न्या. टोपलीत घालून न्या."

"बाबा, मस्करी नको."

"मस्करी न्हाय. शब्द देतो."

आशा जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाली, "रोज बघ. जरा जरी वाढलं तरी मला फोन कर. लग्न गेलं खड्ड्यात." पण हे तिने हळू आवाजात म्हटलं होतं.

हंसा दुसऱ्या दिवशी केबिन रोडवर औषधाच्या दुकानात गेली.

"भैया, जलने का मलम दो. पाँव जला है."

"किसका, चाची?"

"हमारे आदमी का."

"शुगर है क्या उनको?"

"है थोडा."

दुकानदाराने ट्यूब काढली, पण हातातच धरून ठेवली. "थोडा नहीं होता शुगर. डॉक्टर को दिखाओ, टाइम मत लगाओ."

"शादी है घर में," हंसा म्हणाली. ट्यूब त्याने कागदात गुंडाळून दिली.

फोड चौथ्या दिवशी फुटला. खाली लाल मांस दिसलं. हंसा मलम लावायची, वर हळद दाबायची, जुन्या धोतराची पट्टी बांधायची. रोज सकाळी ती पट्टी सोडायची. रोज महिपत विचारायचा, "कसं हाय?" आणि ती म्हणायची, "हाय तसंच."

मग त्यानेच पारख काढली. मिठागरात पायाला काही लागलं की खारं पाणी झोंबायचं. झोंबतंय तोवर जखम कच्ची. झोंबायचं थांबलं की भरली, उद्या कामाला उतरायला हरकत नाही. पोरवयापासून दोघांनी याच हिशोबाने पाय जपले होते. नवव्या दिवशी महिपतने वाटीत मीठ कालवलं आणि उघड्या जखमेवर धार धरली. हंसा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याची पापणीही हलली नाही.

"बघ," तो म्हणाला. "झोंबत न्हाय. आतून भरलंय."

हंसाला बरं वाटलं. किती तरी दिवसांनी ती त्या संध्याकाळी पोटभर जेवली. करंगळी काळसर पडली होती, ती हळदीमुळे असेल असं तिने धरलं. आशाचा फोन आला तेव्हा म्हणाली, "भरतंय गो. तू तुझी कामं बघ."

तीन जानेवारीला, सोमवारी, मांडव पडला. त्यांच्या घराण्यात मांडवाची पहिली मेढ उंबराची असते. ती घरातला सगळ्यात मोठा पुरुष रोवतो आणि तिच्या बुडाची माती अनवाणी पायाने दाबतो. महिपतने पट्टीवरून जावयाचे कॅनव्हासचे बूट चढवले होते. जन्मात त्याने बूट घातले नव्हते. त्याच्याबरोबर मिठागरात काम केलेला विठू ओट्यावर बसून बघत होता.

"महिपत्या, नवरदेव तू का तो? बूट काय, चाल काय!"

"जळतोस कशाला? तुझ्या पायात मावनार न्हायत."

"काढ काढ. बूट घालून मेढ रोवशील तर मांडव उद्या कलंडल."

सगळे हसले. महिपतही हसला. वाकून त्याने बूट काढला. हंसा दारातून पुढे आली. "आवो, विठूभावजींना दाबू द्या. ते पन वडीलच." पण त्याने हात आडवा केला. पट्टी सोडली, खिशात घातली आणि तो उजव्या पायाने माती दाबू लागला. शेण कालवलेली ओली माती होती. मेढेभोवती तीन फेऱ्या, दर पावलाला जोर. विठूचं हसणं दुसऱ्या फेरीलाच थांबलं होतं. तो पायाकडे बघत होता.

"काय झालंय रं ते?"

"भाजलंय. भरलंय आता."

विठूने हंसाकडे पाहिलं. हंसाने पदर तोंडाला लावला आणि ती पाणी आणायला आत गेली. पाय तिने स्वतः धुतला. माती बोटांच्या मधे खोल गेली होती. निघाली तेवढी काढली.

दुसऱ्या दिवशी हळद. हंसा गावाची धवलारीण होती. लग्नातले धवले, म्हणजे विधीची गाणी, तिच्याशिवाय नवघरात कुणाच्या दारात उठत नसत. सगळ्या गावाच्या पोरी तिने गाऊन सासरी पाठवल्या होत्या, आणि आज नातीची पाळी होती. ती पाटाशी बसून गायला लागली. महिपत जवळच खुर्चीवर शाल पांघरून बसला होता. हळदीचा, तेलाचा, अबोलीचा वास भरला होता, आणि त्याच्या खालून एक दुसरा वास येत होता. उन्हात राहिलेल्या मासळीसारखा. नवऱ्या मुलाकडची एक बाई इकडेतिकडे बघून म्हणाली, "गटार हाय का कुठं जवळ?" आशाने घाईने सगळ्यांच्या अंगावर अत्तर शिंपडलं.

हंसाचा आवाज एकदाही चुकला नाही. महिपत थरथरत होता. शालीतून त्याचे दात वाजताना तिला दिसत होते. उठून त्याच्या कपाळाला हात लावावा असं तिला वाटत होतं, पण धवला मधे तोडायचा नसतो. तोडला तर पोरीला बाधतो. तिने शेवटपर्यंत म्हटला.

बुधवारी अक्षता पडल्या. महिपतला दोघांनी धरून आणलं, त्याने नातीच्या डोक्यावर हात ठेवला. स्वप्नाली म्हणाली, "आजोबाऽ, हात किती गरम आहे तुमचा."

"लगीन हाय ना," तो म्हणाला. "गरमच असनार."

वरात गेली. त्याने आडवं होत हंसाला सांगितलं, "झालं. उद्या ने." त्या रात्री त्याला आपलं घर ओळखता आलं नाही.

सहा तारखेला सकाळी आशा आणि हंसा त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. तरुण डॉक्टरीण होती. तिने पट्टी कापली आणि दोन पावलं मागे सरकली. करंगळी आणि शेजारची दोन बोटं कोळशासारखी झाली होती, आणि लाल रेघा पोटरीपर्यंत चढल्या होत्या.

"हे कधी भाजलं?"

"दोन-तीन दिस झाले," महिपत पुटपुटला. तापातही त्याला बायको-लेकीवर बोल येऊ द्यायचा नव्हता.

आशा खाली फरशीकडे बघत होती. हंसाने लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"सोळा दिवस झाले," ती म्हणाली. "पाणी मीच घातलं. माझ्या हाताला कोमट लागलं."

"सोळा दिवस? आणि दुखत होतं तरी तुम्ही—"

"दुखत नव्हतं, बाई. मीठ टाकून पन बघितलं. झोंबलं न्हाय. आमी समजलो भरलं."

डॉक्टरीण हंसाशेजारी बाकावर बसली आणि तिने सांगितलं की साखरेने पायाची जाणीव मरते. झोंबलं नाही ते भरलं म्हणून नाही, पाय आतून मेला होता म्हणून. हंसा ऐकत होती. तिला सगळं एका दमात कळलं. पुढे डॉक्टरीण जे बोलली, ते आशाने ऐकलं आणि मोठ्या इस्पितळात न्यायच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी त्याला मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. शनिवारी गुडघ्याखाली पाय कापला. रविवारी तो शुद्धीवर आला, पोरगी सासरी नीट पोचली का ते विचारलं, आणि उजवा पाय गार पडलाय, जरा शेक, म्हणाला. हंसाने चादरीवरून हात फिरवला, पाय नव्हता तिथे, आणि म्हणाली, "शेकते." विष तोवर रक्तात भिनलं होतं.

महिपत सोमवारी, दहा जानेवारी दोन हजार पाच रोजी, दुपारी अडीच वाजता वारला. पौष लागायला एक दिवस होता.