धुरपताबाईचं ताट

मी एक जुने पितळी ताट आहे, मित्रांनो. काठाला पोचा पडलाय, कल्हई कधीच उडाली. राग मात्र अजून नव्यासारखा लखलखीत आहे.

पूर्ण्याच्या तांबटाने मला ठोकून घडवले. धुरपता नावाच्या मुलीच्या बापाने मला तिच्या रुखवतात दिले आणि आम्ही दोघे पोखर्णीला तिच्या सासरी आलो. पहिल्याच दिवशी माझ्यात तांदूळ पसरले. नवरदेव किशनरावांनी अंगठीने त्यात लिहिले, 'सुशीला'. झाले! बापाने हौसेने ठेवलेले नाव मूठभर तांदळात गाडले. तिला कोणी विचारलेसुद्धा नाही.

पण बाई खमकी! 'सुशीला' अशी हाक आली की वळूनच बघायची नाही. पुढे तिने गावोगावच्या बायका जमवल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला घेऊन ती थेट तिच्या सासरच्या दारात बसायची आणि तिचा हक्क मिळेपर्यंत उठायची नाही. अशी कोणी घरी आली की तिला माझ्यात जेवायला वाढायची आणि आधी विचारायची, "बाई, तुझं माहेरचं नाव काय गं?" ते सांगताना कित्येकींना रडू फुटायचे.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. दलितांची घरे जाळली. आणि आमचे किशनराव ओट्यावर बसून गरजत होते, "जीव गेला तरी नाव बदलू देणार न्हाई!"

धुरपताबाईने मला दाणकन जमिनीवर आपटले. "माणसांची घरं जळायलीत आन् तुमाला नावाची पडलीय? माझं नाव बदलताना कुठं गेलता तुमचा जीव?"

काठाचा पोचा तेव्हाचा. तो मी मिरवते.

पुढे किशनराव गेले, मग बाईही गेली. शोकसभेत तिला बायकांची कैवारी म्हणाले, फोटोला हार घातले. आणि पोटच्या लेकाने, दिनकररावांनी, माझ्या मधोमध कोरून घेतले, 'कै. सुशीलाबाई किशनराव यांच्या स्मरणार्थ'. अरे, जन्मभर जे नाव तिने अंगाला लागू दिले नाही, तेच मेल्यावर चिकटवता? लाज कशी वाटली नाही!

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचे नाव अखेर बदलले. त्याच उन्हाळ्यात दिनकररावांच्या मुलीचे, बायनाचे, लग्न निघाले. बायना हे नाव आजीनेच ठेवलेले. सासरच्यांना ते जुनाट वाटत होते, त्यांना 'पूजा' हवी होती. पुन्हा मांडवात मी, पुन्हा माझ्यात तांदूळ. नवरदेव बन्सीधरने अंगठी टेकवली. बायनाने त्याचा हात धरला आणि तांदूळ बाजूला सारले.

"दादा, वाचा हे," ती बापाला म्हणाली. "ही सुशीलाबाई कोण? या नावानं आपल्या घरात कुणी जगलंच न्हाई."

दिनकररावांची मान खाली गेली. बन्सीधर गोंधळून म्हणाला, "मग लिहू तरी काय?"

"काईच लिहू नका. तांदूळ शिजवायला टाका, वऱ्हाड उपाशी हाय!"

बायना बायनाच राहिली. माझ्यावरचे खोटे नाव मात्र अजून तसेच आहे. मित्रांनो, मला चिंचेने घासले नाही तरी चालेल, पण कोणा मुलीचे नाव माझ्यात पुरू नका. आणि आज घरी गेल्यावर आजीला विचारा, तिचे माहेरचे नाव काय होते. कित्येक वर्षांत तिला ते कोणी विचारलेले नसेल.