सतराव्या प्रश्नाचं उत्तर

"मोडन ना पोरी ते!" शेजारचा इंद्रभान दारातून म्हणाला.

"नाही मोडत काका. खाच जुळली पाह्यजे फक्त." मलिहानं रॅमची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. बाजूच्या पकडी टक्कन बसल्या.

मेहकरच्या एका बंद पडलेल्या संगणक वर्गातून तिनं हे मशीन आणलं होतं. ती घरी करायची त्या टायपिंगपुरतं ते ठीक होतं. पण आता एका संस्थेचं काम आलं होतं, माहिती इंटरनेटवर भरायची होती आणि दर तिसऱ्या फॉर्मला मशीन हँग व्हायचं. इंटरनेट इंद्रभानच्या घरचं. त्याच्या मुलानं, शिवमनं, पुण्याला नोकरीला जाण्याआधी ब्रॉडबँड घेतलं होतं. मोडेम त्यांच्याकडे, तिथून निळी वायर मधल्या भिंतीवरून मलिहाच्या खिडकीत. इंद्रभान सकाळी शिवमच्या संगणकावर कापसाचा भाव पाहायचा. बाकी दिवसभर लाइन मलिहाची.

मशीन सुरू झालं. पान झटक्यात उघडलं.

"पळून राह्यलं, काका!"

"मंग? मेमरी चौपट केली तू," इंद्रभान अशा ऐटीत म्हणाला, की जणू पट्टी त्यानंच बसवली होती.

संस्थेनं तालुक्यातल्या कापूसवाल्या घरांची पाहणी केली होती. बीटीचं बियाणं येऊन काही वर्षं झाली होती. कोरडवाहू रानात दोन हंगाम लागोपाठ पानं लाल पडून गेले होते. फॉर्मवर चोवीस प्रश्न. सतरावा असा, की गेल्या वर्षात घरातल्या कोणाच्या मनात जीव द्यावा असं आलं का. बहुतेक ठिकाणी 'नाही'. कुठे कुठे 'हो', आणि पुढे घरधन्याचं नाव. 'हो'वर थांबायचं नाही, असं मलिहानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. थांबली असती, तर काम झालं नसतं.

चौथ्या दिवशी त्यांच्याच गावचा, डोणगावचा गठ्ठा लागला. कुटुंबप्रमुख : इंद्रभान. माहिती देणार : झुंबरबाई, पत्नी, वय अठ्ठेचाळीस. सतराव्या प्रश्नापुढे 'हो'. कोणाच्या? 'स्वतःच्या.' समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : घरी सांगू नये.

भिंतीपलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. मलिहा उठली.

इंद्रभान वावरात गेला होता. झुंबरबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि राखेचे हात तसेच थांबले.

"लिहिलं काय त्या पाहणीवाल्या पोरीनं? मी म्हटलं होतं, लिहू नको."

"काकू, काऊन पण?"

"तेच त समजत नाही. सकाळी उठलं का छातीवर पाटा ठेवल्यावाणी वाटते. रांधतो, निंदाले जातो, पण मी तिथं नसतोच. आजलोक कोणी इचारलं नव्हतं. तिनं इचारलं अन् निघून गेलं तोंडातून."

"काकांले सांगू?"

"नको माय. वावरापायी झालं समजतीन अन् तेच खचतीन. पुसून टाक ते."

"पुसलं त कोणी येणार नाही. 'हो' असलं का आठ दिवसांत डॉक्टर येते म्हणे."

मलिहानं फॉर्म होता तसा भरला. आठ दिवस गेले, दोन महिने गेले, डॉक्टर आला नाही. तिनं संस्थेला दोनदा लिहिलं. यादीचं काम सुरू आहे, असं उत्तर आलं. मग घरात वास मारतो असं निमित्त सांगून तिनं इंद्रभानला फवारणीच्या औषधाचे डबे वावरातल्या कोठ्यात कुलपात ठेवायला लावले. रोज दुपारी काम सोडून ती झुंबरबाईजवळ जाऊन बसू लागली.

उन्हं तापायला लागली तेव्हा मोटारसायकलवर संस्थेचा एक माणूस आला. हातात छापील यादी. इंद्रभान बाजेवर बसला होता, मलिहा भिंतीशी उभी होती.

"झुंबरबाई कोण? जीव द्यावा असं मनात येतं, अशी नोंद आहे."

इंद्रभान उठून उभा राहिला. "काय बोलून राह्यले तुम्ही?"

झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिच्या तोंडचा रंगच गेला.

"साहेब, माझी चूक आहे," मलिहा म्हणाली. "दुसऱ्या घराचं उत्तर यांच्या नावावर पडलं. टाइप मीच केलं होतं."

"अशी चूक? आणखी किती घरांची केलीत?" त्यानं नावावर काट मारली आणि पाणीही न घेता निघून गेला.

"एवढ्या इश्वासानं लाइन देली तुले," इंद्रभान म्हणाला. "अन् माह्या घरावर असं लिहिलं?" आत जाऊन त्यानं वायर मोडेममधून उपसली आणि गुंडाळून भिंतीवर ठेवली. झुंबरबाई तांब्या घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी संस्थेचा फोन आला, भरलेले-न भरलेले सगळे फॉर्म परत करा, काम दुसरीकडे देतो.

त्याच दुपारी झुंबरबाई डोक्यावर पदर घेऊन, गल्लीला वळसा घालून मलिहाच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली.

"सांगतलं मी त्यायले. तुह्यावर आळ ठेवून भाकर उतरत नव्हती."

"काय म्हणले काका?"

"माहा हात धरून बसले." तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. "संध्याकाळी वायर लावून देतो म्हणे. तुह्यं काम खोळंबलं असन."

फॉर्मचे गठ्ठे सुतळीनं बांधून टेबलाखाली ठेवलेले होते. मलिहानं पायानं ते आत सरकवले.

"हो काकू. लावू द्या."

झुंबरबाईच्या कपाळावर घाम आला होता. मलिहानं पंख्याचं तोंड तिच्याकडे फिरवलं आणि तिच्याजवळ खाली बसली.