खास मार्गावरची पहिली गाडी

हनीफभाईंनी तीस वर्षं एसटी चालवली. नांदेड ते देगलूर कुठल्या वळणाला गाडी किती झुकते, ते झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. म्हणूनच नांदेडच्या, फक्त बससाठी राखलेल्या खास मार्गावरच्या जलद बससेवेच्या उद्घाटनाला ठेकेदारानं त्यांना बोलावलं. त्याच्या एकाही ड्रायव्हरला ती लांबलचक गाडी धड मागं घेता येत नव्हती.

चाचणीच्या दिवशीच त्यांनी इंजिनियर उमाशंकरला सांगितलं, की थांब्याचा ओटा गाडीच्या दाराच्या उंबऱ्यापेक्षा हातभर उंच झालाय. उमाशंकरनं मोबाइलवर नकाशा दाखवला. नकाशात दोन्ही एका पातळीत होते. हनीफभाई गाडीकडं वळले. ज्याला डोळ्यासमोरचा ओटा दिसत नाही, त्याच्याशी काय बोलायचं?

उद्घाटनाला अर्धापूरहून केळीचे खांब आले आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यांचा फलक आला, गाडीपेक्षाही लांब. हार घातलेले पाहुणे ओट्याच्या कडेला येऊन खाली बघत थबकले. मग गाडीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, आणि शहराचे कारभारी एकमेकांचे खांदे धरून, विहिरीत उतरावं तसे, आत उतरले. हनीफभाई आरशात बघत राहिले. त्यांना हसूही आलं नाही, किळस आली.

पहिली प्रवासी म्हणून भोकरच्या नागुबाईंना गर्दीतून पुढं आणून गाडीत बसवलं होतं. त्यांची सून दवाखान्यात बाळंत झाली होती. गाडी तिकडंच जाते असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्या डबा घेऊन आल्या होत्या. फोटो झाले, पाहुणे पुन्हा ओट्यावर चढून भाषणांना गेले. उमाशंकर ओट्यावरूनच नागुबाईंना म्हणाला, की उतरा आता, तिसऱ्या थांब्यापुढं मार्ग झालेलाच नाही.

नागुबाई डबा पोटाशी धरून उठल्या.

"बसा मावशी," हनीफभाई म्हणाले. "दवाखान्यात सोडतो."

"वर विचारावं लागेल," उमाशंकर म्हणाला.

"विचारा की. तवर मी जाऊन येतो."

त्यांनी दार लावलं आणि गाडी काढली. तिसऱ्या थांब्यापुढं खास मार्ग खडीच्या ढिगात संपला. हनीफभाईंनी गाडी साध्या रस्त्यावर घेतली. खिशातला फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला. वाटेत ज्यानं हात केला त्याला घेतलं; दवाखाना येईपर्यंत गाडी भरली.

"नात बघून जा म्हणलं असतं, भाऊ," नागुबाई उतरताना म्हणाल्या, "पर तुमची गाडी हुबी हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की लोकभावनेचा आदर करून सेवा पहिल्याच दिवशी दवाखान्यापर्यंत वाढवली. तसं आधीपासून ठरलंच होतं, असं उमाशंकरनं सांगितलं होतं. संध्याकाळी त्याचाच फोन आला, मोठ्या अदबीनं: सोमवारपासून कायम या.

"तुमाला ड्रायव्हर न्हाई पायजे, साहेब," हनीफभाई म्हणाले. "कशालाबी मान हलवून 'हाव' म्हणणारा पायजे." आणि फोन ठेवला.

सेवा जेमतेम सव्वा महिना चालली. आता त्या मार्गात लोक मोटारी लावतात. उमाशंकरला बढती मिळाली म्हणे; लातूरलाही अशीच बस सुरू करायची आहे.