मालकाचं कडं

"बांबूवर पाय देऊ नका म्हटलं ना!" माझी धाकटी जाऊ ओरडली, आणि माझा दीर भर अंगणात एका पायावर उभा राहिला, बगळ्यासारखा. तिच्या ओरडण्यालाही कारण होतं. आमच्या घरात जन्मात पहिल्यांदा स्वतःचा बांबू आला होता.

त्याआधी बांबू मालकाचा. मालक म्हणजे टोपल्यांचा व्यापारी. बांबू उसना द्यायचा, टोपल्या स्वतः ठरवील त्या भावानं न्यायचा, आणि वर्ष सरलं की बाकी आमच्याच अंगावर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसला व्यवहार. मापाला त्यानं एक लोखंडी कडं दिलं होतं. टोपलीच्या तोंडावर ते घट्ट बसलं पाहिजे. ढिलं पडलं की टोपली नापास.

मग गटवाल्या बाई आल्या. गल्लीतल्या आम्हा पाचजणींना ओट्यावर बसवून म्हणाल्या, थोडं कर्ज मिळेल, दर आठवड्याला हप्ता, आणि एकीचा चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा.

"तारण काय ठेवायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नको, आजी."

"अगं बाई! मी याला घेऊन आले होते." त्यांनी दिराकडे बोट केलं. "आता परत घरी न्यावा लागणार."

धाकटीनं कर्ज घेतलं, बांबू आणला, सगळ्यांनी मिळून नेहमीच्याच मापाच्या टोपल्या विणल्या. ती आणि मी त्या बाजारात नेल्या. भाजीवाल्या एकेक उचलून बघत आणि खाली ठेवत.

"काय गं, टोपली आहे की पाळणा?" एक म्हणाली. "भरून डोक्यावर घेतली तर मान खांद्यात जाईल माझी!"

एकही खपली नाही. घरी आलो तर चटया विणणारी शेजारीण दारातच उभी. तीही गटातली.

"तुझा हप्ता मी भरायचा? माझा नवरा मला चटईत गुंडाळून फेकेल!"

"फेकलं तर बरंच की. चटई तरी खपेल," धाकटी म्हणाली, पण आत जाऊन डोळे पुसून आली. हप्ता चुकला, तर पुन्हा मालकाच्याच दारात बांबू मागायला जायचं होतं.

सासूबाई उठल्या. माळ्यावरून त्यांनी लग्नानंतर विणलेली पहिली टोपली काढली आणि नव्या टोपलीत ठेवली. आत ती मजेत डुलत बसली, वर चारही बाजूंनी हात जाईल एवढी जागा.

मग आमच्या ध्यानात आलं. दर दोन-तीन वर्षांनी मालक "जुनं गंजलं" म्हणून नवं कडं आणायचा. प्रत्येक वेळी बोटभर वाढवायचा मेला. भाव तोच. आणि आम्ही मान खाली घालून विणत राहिलो.

"याचं पोट वाढतंय, एवढंच दिसलं गं मला," सासूबाई म्हणाल्या आणि मग ज्या शिव्या दिल्या, त्या मी लिहीत नाही. हप्ता घ्यायला आलेल्या गटवाल्या बाईंनी त्यातल्या दोन पुन्हा सांगायला लावल्या.

मोठ्या टोपल्या कोंबड्या पाळणाऱ्यानं नेल्या, पिल्लांवर पालथ्या घालायला. हप्ता निभावला. लहान विणणं मात्र सोपं नव्हतं. हात आपोआप मोठं तोंड धरायचे. दिराची पहिली लहान टोपली तर त्याच्यासारखीच झाली, खाली बरी, वर वाकडी. पण हळूहळू हात वळले, माल खपू लागला, मालकाची बाकीही फिटली.

एके दिवशी मालक स्वतः गाडी घेऊन आला. त्याला दुसरीकडे माल मिळेना. गाडी भरून द्यायच्या सवयीनं दीर धडपडत उठू लागला. धाकटीनं सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली ओढलं.

"दादा, आधी पैसे," ती मालकाला म्हणाली. "भाव आम्ही सांगू तो."

त्यानं घासाघीस केली, मोजून दिले, आणि मग कुणी उठेल म्हणून उभा राहिला. दिरानं विणीतली बांबूची पट्टी ओढली, वळवली, पुन्हा ओढली. शेवटी मालकानंच बाह्या सावरल्या आणि एकेक टोपली उचलून गाडीत भरू लागला.

"सावकाश हो," सासूबाई आतून म्हणाल्या. "पोट सांभाळून वाका."