तीन जिल्ह्यांना लागू

"पण नमुना प्रयोगशाळेत पोचायलाच इतका वेळ का लागतो, ते सांगा ना," मंत्र्यांचे खासगी सचिव म्हणाले आणि त्यांनी चक्क पेन खाली ठेवलं.

ती खुर्चीत पुढे सरकली. या खोलीत पेन खाली ठेवून कुणी तिचं ऐकलं, असं फार वर्षांत घडलं नव्हतं. आरोग्य अधिकाऱ्यांच्या संघटनेची ती शासन-संपर्क प्रमुख होती. अधिकाऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन या इमारतीत दारोदार फिरायचं आणि कायद्यात चार शब्द घालून मिळतात का बघायचं, हे तिचं काम. इमारतीत तिला मागून 'कलमबाई' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

"अहो, पाणी बर्फाच्या डब्यात घालून आणायचं, तेही बोटीने. वारा असला की बोटच सुटत नाही. तोवर नमुना वाया..."

"बोटीने?" सचिव म्हणाले.

त्यांनी पेन उचललं नाही. फक्त खिडकीकडे पाहिलं आणि ओठ जरासे मुडपले. मनातल्या मनात बेरीज जुळली की माणूस मुडपतो तसे.

भीतीने पोटात गोळा येतो म्हणतात. तिला भीती हातांत यायची. आधी बोटांची टोकं गार पडत, मग तळवे ओले होत. आत्ता दोन्ही एकदम झालं.

तिच्या कामाचा एक नियम होता आणि तो तिने स्वतःच घातला होता. सभासद अधिकारी तिच्याशी बोलत ते सरकारी नोकरीत राहून, वरिष्ठांच्या विरुद्ध. म्हणून त्यांनी सांगितलेल्या हकिगतीतून नाव, महिना, आकडा, नदी, डोंगर सगळं ती पुसून काढायची. उरलेलं उदाहरण किमान तीन जिल्ह्यांना लागू पडलं पाहिजे. दोनांना पडलं तर ती ते वापरत नसे. "दोघांतला एक शोधायला अक्कल लागत नाही," ती कार्यालयात नव्या आलेल्यांना सांगे.

बोटीने नमुने पाठवणारा जिल्हा एकच होता. तिथल्या बेटांवर आरोग्य अधिकारीही एकच.

"म्हणजे बेटावरच्या टाकीचं प्रकरण," सचिव म्हणाले. "तरीच. जिल्हा प्रशासक म्हणतच होते, कुणीतरी बाहेर बोलतंय म्हणून."

"मी असं कुठे म्हटलं?"

"तुम्ही कुठे म्हणालात? मी म्हणतोय." ते हसले. "चहा घ्या. गार होतोय."

तिने कप उचलला नाही. बशी वाजली असती.

"हे बघा बाई. दुपारी कायद्याच्या मसुद्यावर समिती बसतेय. तुमचं ते कलम नऊ तेवढं मागे घ्या. बाकीचा कायदा तुम्हाला हवा तसा करून देतो. मग बोट काय नि होडी काय, माझ्या कशाला लक्षात राहतंय?"

"आणि नाही घेतलं तर?"

"तर राहणारच की. माणसाच्या स्मरणशक्तीवर कुणाचं चालतं का?"

कलम नऊ दोनच ओळींचं होतं. पाणी दूषित आहे अशी खात्री पटली, की आरोग्य अधिकाऱ्याने ते आधी बंद करावं आणि परवानगी मागाहून घ्यावी. सध्या सगळं उलटं होतं. बेटावरच्या टाकीत मैला झिरपतोय हे तिथल्या अधिकारी डॉक्टरला कळलं होतं, तिने ते लगेच वर कळवलंही होतं. पण जिल्हा प्रशासकांची सही येईपर्यंत टाकी चालूच राहिली. पोरं आजारी पडली. एक बाळ गेलं. ही डॉक्टर संघटनेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत.

बाहेर जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने आधी संघटनेच्या अध्यक्षांना फोन लावला. ते निवृत्त अधिकारी, घाई न करणारे.

"मागे घे," सगळं ऐकून ते म्हणाले. "शिर सलामत तर पगडी पचास. दहा वर्षं मागतोय, आणखी दोन मागू."

"आणि दोन वर्षांत आणखी एखादी टाकी..."

"अगं, मला कळत नाही का? पण पोरगी आपली आहे. तूच अडकवलंयस तिला. आता तूच सोडव."

धाकटीचा फोन लागत नव्हता. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कदाचित तिला आधीच बोलावून घेतलं असेल. कदाचित प्रशासकांच्या कार्यालयात ती उभी असेल आणि समोरचा माणूस तिला बस म्हणत नसेल. असं घडायला अजून वेळही मिळालेला नाही, हे तिला कळत होतं. हातांना कळत नव्हतं.

मग फोन वाजला. मागे लहान मुलांचा गलका होता.

"बोला ताई, पटकन बोला. लसीकरण चाललंय."

तिने सांगितलं. काही लपवलं नाही. पलीकडे एक मूल टाहो फोडून रडलं आणि थांबलं.

"माझं नाव घेतलंत?"

"नाही गं. मी फक्त बोट म्हणाले."

"म्हणजे घेतलंतच की."

"हो."

"मागच्या खेपेला तोंड उघडलं तेव्हा इथे टाकलं. आता याच्यापुढे कुठे टाकणार, समुद्रात?" धाकटी हसली, पण हसू मध्येच संपलं. "ताई, पोरगी आत्ता कुठे शाळेत रुळलीय. तिचे बाबा तिकडे, मी इकडे, कसंबसं बसवलंय सगळं. चौकशी लागली तर पगार अर्धा होतो, माहितेय ना तुम्हाला?"

"माहितेय. मी कलम मागे घेऊ का? तू सांग. तू म्हणशील तसं."

"मला नका विचारू."

"अगं पण..."

"विचारलंत तर मी घ्याच म्हणेन. मी घाबरलेय, ताई. टाकीजवळ राहणाऱ्या आयांना विचारा, त्या वेगळं सांगतील. घाबरलेल्या माणसाला विचारून कायदा करतात का कुणी?" मग कुणालातरी दरडावल्यासारखी म्हणाली, "हात धरा बाळाचा, घट्ट. ताई, ठेवते. रांग लागलीय."

ती प्रसाधनगृहात गेली आणि हात नळाखाली धरून उभी राहिली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. तो घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायचा आणि दुपारी दोन तुकड्यांच्या मध्ये तिला फोन करायचा.

"काय गं, लागलं का कलम? पालवी फुटली का?" हा त्याचा रोजचा विनोद.

"मला ही नोकरी सोडावी लागली तर?"

"बरंच होईल. डबा कोण करतं यावरून भांडण मिटेल."

"डबा तुम्हीच करता."

"मग मिटलंच की." आणि आवाज बदलून, "काय झालंय?"

"घरी आल्यावर सांगते."

"जेवलीस?"

"हो," ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

आरशात न बघता तिने हात पुसले. तीन जिल्ह्यांचा नियम तिचा होता, आणि तो तिच्या हातून मोडला होता. दुसरा एक नियम होता, तो साऱ्या इमारतीचा. सचिवांच्या खोलीत झालेलं बोलणं खोलीतच राहायचं. त्यावरच सगळं चालायचं. शिक्षक, औषधवाले, बांधकामवाले, सगळ्यांची माणसं त्याच भरवशावर आत सोडली जायची. तो नियम कुणी मोडलेला तिने तरी ऐकला नव्हता.

समितीची खोली गार होती. मंत्री लांबट मेजाच्या टोकाला आणि त्यांच्या मागे भिंतीलगत खासगी सचिव. समितीच्या प्रमुख चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचणाऱ्या वयस्कर बाई होत्या. आठवं कलम मंजूर झालं तसा त्यांनी चष्मा खाली घेतला.

"नऊ. संघटना हे मागे घेतेय असं कळलंय. बरोबर?"

ती उभी राहिली. हातातला कागद ध्वनिक्षेपकाजवळ आला आणि त्याची फडफड खोलीभर ऐकू गेली. तिने तो मेजावर ठेवला आणि वर तळहात दाबून धरला.

"नाही. कलम राहावं अशी आमची मागणी आहे."

"मग उदाहरण द्या. एखादं तरी ठोस."

"उदाहरण देणार नाही, बाई. ज्यांचं आहे ते अधिकारी माझ्या चुकीमुळे ओळखले गेलेत." तिने प्रमुखांकडे पाहिलं. "आज सकाळी मला सांगण्यात आलं, की हे कलम सोडलं तर त्यांना कुणी लक्षात ठेवणार नाही. नाही सोडलं तर ठेवलं जाईल. यापुढे आमच्या कुणाही सभासदाची बदली झाली किंवा चौकशी लागली, तर ती या कलमापायी लागली असं आम्ही समजू. एवढं लिहून घ्यावं."

कोपऱ्यातल्या लघुलेखकाचा हात थांबला. "लिहू?" त्याने विचारलं.

"इथे बोललेलं सगळं लिहायचं असतं," प्रमुख म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायचे थांबले. अजूनही 'आठवत नाही' म्हणता आलं असतं.

"मंत्रिमहोदयांच्या खासगी सचिवांनी," ती म्हणाली. "त्यांच्या खोलीत."

सचिव मान खाली घालून मनगटाचं बटण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं.

कलम नऊ मंजूर झालं नाही, फेटाळलंही गेलं नाही. ते फेरविचारासाठी राखून ठेवलं. धाकटी जागेवरच होती. ती रोज संध्याकाळी एक निरोप पाठवायची, "आज काही नाही." तो येईपर्यंत इकडे हिचे हात गार असत, आणि वाचल्यावर उद्याची भीती सुरू व्हायची. अध्यक्षांनी फोनवर हळूच विचारलं, "त्या इमारतीत यापुढे दुसऱ्या कुणाला पाठवावं का, तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "फेरविचार होईपर्यंत मी जाते." त्यांनी बरं म्हटलं, पण लगेच नाही.

पुढच्या आठवड्यात ती गेली.

"साहेब बैठकीत आहेत, बाई," दारावरचा शिपाई म्हणाला. दार अर्धवट उघडं होतं. सचिव एकटेच वर्तमानपत्र वाचत होते. शिपायाने ओशाळून दार ओढून घेतलं.

"किती वेळ चालेल बैठक?"

"आता तुम्हाला काय सांगू," तो म्हणाला. "आज काय, उद्याही असेल."

"बसते मग."

भिंतीकडेच्या बाकावर औषध कंपन्यांचा माणूस आणि शिक्षक संघटनेचे मास्तर बसले होते. इतकी वर्षं तिघं या दारासमोर एकमेकांना चिमटे काढत बसत. ती बसली. मास्तर म्हणाले, "जरा फोन करून येतो हं." थोड्या वेळाने औषधवालाही उठला. "पाय आखडलेत," तो म्हणाला, आणि पलीकडच्या खांबाशी जाऊन उभा राहिला.

बाक तिचा एकटीचा झाला. तिने शेजारी पिशवी ठेवली. मग, कुणी बसायला आलंच तर जागा असू दे म्हणून, ती उचलून मांडीवर घेतली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.