पडद्याआडचा मंत्री

या शोकांतिका लिहिणाऱ्यांना एकदा समोर बसवून खडसावायला हवं, असं मंत्रीसाहेब नेहमी म्हणत. साधा प्रश्न तोंडावर विचारायला काय धाड भरते यांना? जो तो पडद्याआड लपून ऐकणार, अर्धवट ऐकून डोक्यात राख घालून घेणार, मग खंजीर, मग विष, आणि शेवटी रंगमंचावर पाय ठेवायला जागा नाही इतके मुडदे. स्वतः ते वर्षानुवर्षं तोच लपणारा आणि भोसकला जाणारा मंत्री करत आले होते. म्हणून तर नाटक कंपनीत त्यांना सगळे मंत्रीसाहेब म्हणत.

हल्ली त्यांचा खरा राग होता तो पोटच्या पोरीवर. नाटकात ती राणी व्हायची. चांगलं लिहिलेलं वाक्य सोडून मध्येच पदरचे शब्द घुसडायची. "विष कोणी दिलं, हेच विचारणार ना, मंत्री?" असलं काहीतरी. दीडशहाणी कुठली! घरी किती कानउघाडणी केली, तरी नुसती हसायची. त्यात ती मोठ्या कंपनीत चालली आहे अशी कुणकुण लागली, आणि मंत्रीसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला सांगायची काही रीत?

तालमीनंतर ती दिग्दर्शकाशी बोलत थांबली. मंत्रीसाहेब सरळ जाऊन विचारायचं सोडून पडद्याआड शिरले. हाडात मुरलेली सवय, दुसरं काय.

दिग्दर्शक तिला समजावत होता की असं बोलावणं पुन्हा येणार नाही. ती ऐकायलाच तयार नव्हती.

"बाबांना वाक्यं आठवत नाहीत आता," ती म्हणाली. "माझ्या वाक्यात मी त्यांचं वाक्य घालून देते, तेव्हा कुठे ते पुढे बोलतात. दुसरी राणी करेल हे?"

खोटारडी, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. मग मनातल्या मनात त्यांनी आपलं मरतानाचं भाषण म्हणून पाहिलं. काही केल्या पहिला शब्दच येईना.

ते पडदा सारून बाहेर आले.

"मरताना मी काय म्हणतो गं?"

तिने सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिचे डोळे भरून आले.

"नको सांगूस," ते म्हणाले. "त्या लोकांना होकार कळव." दिग्दर्शकाला त्यांनी दुसरा मंत्री बघायला सांगितलं.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी तिकडे पहिल्या रांगेत बसणार. लिहिलेलं वाक्य तू जसंच्या तसं म्हणतेस का, ते एकदा बघायचंय मला."